दोनशे चौदा फोटोंचं चालणं

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. बाईंइतका त्याचा अनुभव क्वचितच कुणाला आला असेल.

हॉस्पिटलात अडतीस वर्षं बाईंनी लोकांना चालायला शिकवलं. मांडीचं हाड मोडलेले, खुबा नवा बसवलेले, झटका येऊन एक अंग लुळं पडलेले, असे लोक ढकलखुर्चीतून आत येत आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाईंना हात हलवत आपल्या पायांनी बाहेर जात. "टाच, पंजा, भार" एवढे तीन शब्द बाईंनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. एक बसचालक होता, त्याचा पाय काही केल्या उचलेना. बाईंनी त्याच्या हातात रिकामी थाळी दिली आणि म्हणाल्या, "हे स्टिअरिंग. गाडी डेपोत न्यायचीय." गडी वळणं घेत घेत दारापर्यंत पोचला आणि तिथे त्याने तोंडाने ब्रेकही मारला. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा नवराही बाईच म्हणत असे, पण त्यात जरा चेष्टा असायची.

आणि तो नवराच, म्हणजे घरातले आजोबा, बाईंच्या हातून चालेना.

आजोबा पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. चूक दिसली की त्यांना अंगावर मुंगी चढल्यासारखं व्हायचं. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या बाटलीवरचं लेबल ते पेन्सिलीने दुरुस्त करत. एका सकाळी बूट घालता घालता त्यांना झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. जीभ मात्र जशीच्या तशी शाबूत राहिली. "तीच जरा जड झाली असती तर घर निवांत झालं असतं," असं बाई शेजारणीला म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता तोंड फिरवून डोळे पुसायच्या.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात बाई त्यांना न्हाणीघरात उभं करून टॉवेल घ्यायला वळल्या. फक्त वळल्या. तेवढ्यात आजोबा पडले. हाडबीड मोडलं नाही, पण वरच्या मजल्यावरचा सुतार येऊन उचलेपर्यंत वीस मिनिटं ते ओल्या फरशीवर पडून होते आणि बाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर आजोबा उभे राहायला तयारच होईनात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, तेही कोणी दोन्ही काखांत हात घालून धरलं तर.

"उठा बघू, दहा वेळा. हॉस्पिटलात ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या उठतात."

"मग त्यांच्याशी संसार कर. तू माझी बायको आहेस की कवायतीची मास्तरीण?"

सातव्या महिन्यात हॉस्पिटलातला तरुण फिजिओ घरी आला. बाईंच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्याने आजोबांचा घोटा वर-खाली करून पाहिला आणि निघताना जिन्यात बाईंना म्हणाला, "बाई, तुम्हाला मी काय सांगणार? घोटा आखडत चाललाय. येत्या दीड-दोन महिन्यांत रोज दहा वेळा उभे राहिले, टाच जमिनीला टेकली, तर ठीक. नाहीतर मग कायमची खुर्ची."

बाईंना ते ठाऊकच होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना जिन्याचा कठडा धरावा लागला.

घरात तिसरं माणूस म्हणजे भिंगरी. बाईंच्या मुलीची मुलगी, तेरा वर्षांची. आईची नोकरी सतत फिरतीची, म्हणून ती शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहायची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आणि अशा मुलीच्या वाट्याला शाळेत काय प्रकल्प यावा, तर एक एक फोटो काढून सिनेमा बनवायचा. विषय होता "हालचाल". सोबत एक पानही लिहून द्यायचं: हे काम करताना कोणत्या अडचणी आल्या, त्यातून काय कळलं.

"म्हणजे बघ आजी," तिने समजावलं, "वस्तू हलतच नाही. आपण एक फोटो काढायचा, ती केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की ती आपली आपण हलल्यासारखी वाटते. एका सेकंदाला बारा फोटो."

"एका सेकंदाला बारा? आणि हे तू करणार? तुला पोळीचा एक घास बारा वेळा चावायला सांगितला तर येत नाही."

भिंगरीने तारेचा सांगाडा करून त्यावर रंगीत माती थापली आणि एक गोलमटोल माणूस बनवला. त्याचं नाव ढब्बू. ढब्बूला जेवणाच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं होतं. चार दिवस खपून तिने साठ फोटो काढले आणि मोबाईलवर पळवून दाखवले.

ढब्बू चालला खरा, पण तेल सांडलेल्या फरशीवरून घसरावं तसा.

"हा चालत नाहीये," बाई म्हणाल्या. "ह्याला मागून कोणीतरी ढकलतंय."

"पाय तर पुढे-मागे केलेत मी!"

"पाय हलवले म्हणजे चालणं नव्हे गं. ह्याचा भार कुठे सरकतोय? माणूस चालतो म्हणजे आधी पुढे पडतो. पडता पडता पाय पुढे येतो आणि त्याला झेलतो. मग दुसऱ्या बाजूला पडतो. दर पावलाला पडायचं आणि दर पावलाला वाचायचं."

भिंगरीने लगेच मोबाईल उचलला. "दाखव. चाल. मी फोटो काढते."

बाई चालल्या. फोटोत नुसता निळसर फराटा आला.

"आजी, मध्ये थांब ना!"

"मध्ये थांबता येत नाही. मध्ये माणूस पडत असतो म्हटलं ना."

तरी नातीसाठी बाईंनी एक पाय उचलून अर्ध्या पावलात थांबून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला देह डुगडुगला, हात पंख्यासारखे फिरले आणि शेवटी त्यांनी कपाटाचं दार गच्च धरलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. "अडतीस वर्षं लोकांना शिकवलंस," आजोबा म्हणाले, "आणि स्वतःला येईना!"

भिंगरी त्यांच्याकडे वळली. ती काय बोलणार ते बाईंना आधी कळलं असतं तर त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

"आजोबा, तुम्ही राहता का उभे? तुम्ही हळू आहात ना, तुमचं चालणं नीट दिसेल."

बाईंच्या हातातून कपाटाचं दार सुटलं.

"त्यात बघण्यासारखं राहिलंय काय?" आजोबा म्हणाले.

"सगळंच. आमचं इतकं भरभर होतं की काही कळतच नाही."

मुलगी खरं तेच बोलत होती. तिला दया येत नव्हती, गोड बोलून काम साधायचं नव्हतं. तिला चालणं बघायचं होतं आणि ते ज्याच्यापाशी सावकाश मिळेल असा घरात एकच माणूस होता. आजोबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. छापखान्यात एखादा शब्द बरोबर की चूक ते ठरवताना पाहत, तसं.

"किती फोटो लागतात?"

"दोनशेच्या आसपास."

"दोनशे! एका दमात?"

"छे हो. उभं राहायचं, मी दोन फोटो काढणार, मग तुम्ही बसा. सिनेमात बसलेलं दिसणारच नाही."

"आणि काठी?"

"ती चौकटीबाहेर. आजीपण."

आजोबांनी एकदा आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या त्या ढब्बूला सुट्टी दे."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार ते पाच हे काम सुरू झालं. भिंगरीने मोबाईल उभा धरून उंच स्टुलावर बांधला. उभ्या धरलेल्या मोबाईलची चौकट अरुंद, एका माणसापुरतीच. त्या चौकटीच्या अलीकडे खुर्ची, पलीकडे बाई. आजोबांनी उठून खुर्चीची पाठ धरायची, भिंगरीने सांगितलेल्या जागी पाय ठेवायचा, खुर्ची सोडायची. "एक," म्हटलं की खट्. "दोन," म्हटलं की खट्. लगेच त्यांच्याखाली खुर्ची सरकवायची. मग पाऊल चार बोटं पुढे, आणि स्टूलही तेवढंच पुढे.

पहिल्या दिवशी आजोबा बारा वेळा उठले. बाई मनात मोजत होत्या. फिजिओने दहा सांगितले होते. बाईंच्या जिभेवर शब्द आले होते, पण त्यांनी ते गिळले. काही औषधं रोग्याला न सांगताच द्यावी लागतात.

संध्याकाळी भिंगरीने फोटो तपासले आणि किंचाळली. "आजी! तुझे हात!"

चोवीसपैकी नऊ फोटोंत आजोबांच्या कमरेपाशी दोन हात होते. बाईंना पत्ताही नव्हता. आजोबांचा गुडघा जरा थरथरला की त्यांचे हात आपोआप पुढे जात होते, जसं चटका बसल्यावर बोट मागे येतं. अडतीस वर्षांची सवय, आणि त्यावर न्हाणीघरातली ती वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी सात. शेवटी आजोबाच चिडले. "बाई, तू माझे फोटो नासवतेस!"

"पडाल ना!"

"पडेन तेव्हा बघू. आत्ता उभा आहे ना?"

बाईंना रागही आला आणि काहीतरी उमजलंही. माझे फोटो, असं म्हणाले होते ते. सात महिन्यांत या माणसाने आपलं म्हणून कशाचंही नाव घेतलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाईंनी हातांची घडी घातली आणि बोटं काखेत दाबून धरली. "एक," भिंगरी म्हणाली. आजोबांनी खुर्ची सोडली. डावा गुडघा आतल्या बाजूला वळला. अजून दोन बोटं वळला तर हा माणूस कोसळणार, हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि म्हणून त्यांना दिसलं: डाव्या पायाची बोटं फरशी चाचपत होती. अंधारात माणूस भिंत चाचपतो तशी. अंगठा दबला, मग करंगळीची कड दबली, आणि महिनोन्महिने अधांतरी राहिलेली टाच अगदी सावकाश खाली आली. गुडघा सरळ झाला. सगळं मिळून दोन श्वासांचा वेळ.

अडतीस वर्षांत बाईंनी हजारो गुडघे सावरले होते. पण गुडघा स्वतःला सावरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचे हात नेहमी मध्ये असत.

"दोन," भिंगरी म्हणाली. खट्.

असे एकूण नऊ दिवस गेले. खिडकीपासून निघून, टेबलाला वळसा घालून आजोबा दारापर्यंत आले. रविवारी दुपारी भिंगरीने पडदे ओढले, फोटो जोडले आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावले.

बाईंना वाटलं होतं काय, तर ढब्बूसारखं काहीतरी तुटक तुटक दिसेल. पण पडद्यावर आजोबा खिडकीपासून निघाले आणि चालू लागले. काठी नाही, खुर्ची नाही, कोणी धरलेलं नाही. जरासे हेलकावत, किंचित तरंगत, पण चालत. डावा खांदा खाली जाई आणि वर येई. अंगातला सदरा नऊ दिवसांत तीनदा बदलला होता, तो चालता चालता पांढऱ्याचा करडा आणि करड्याचा पांढरा होत होता. सदऱ्याच्या सुरकुत्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या पळत होत्या. मागच्या भिंतीवर ऊन येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. नऊ दुपारी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उगवून मावळत होत्या. आणि त्या सगळ्या धावपळीतून हा एक माणूस शांतपणे, कुठे पोचायची घाई नसल्यासारखा, दाराकडे चालला होता.

अठरा सेकंद. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लग्न ठरल्यावर हा माणूस पहिल्यांदा त्यांच्या घरी आला होता, तेव्हा गल्लीच्या टोकापासून चालत येताना त्यांनी त्याला खिडकीतून पाहिलं होतं. इतक्या वर्षांत ते त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

"नको," आजोबा म्हणाले. "खोटं आहे हे."

भिंगरीचा चेहरा पडला.

"मी असा चाललो नाही. हे मी शाळेत दाखवू देणार नाही. लोक म्हणतील, म्हातारा बरा झाला. आणि म्हातारा इथे खुर्चीत!" त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. "धादांत चूक छापायची का?"

"अहो, पोरीने इतकं..." बाई बोलायला गेल्या.

"ठीक आहे," भिंगरी म्हणाली. ओठ दाबून तिने मोबाईल उचलला. "पुसून टाकते. ढब्बूचाच देते." मंगळवारी प्रकल्प द्यायचा होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

तिचा अंगठा पडद्यावर टेकला, आणि आजोबांना राहवलं नाही. पस्तीस वर्षांत एकही मजकूर त्यांनी न वाचता फेकला नव्हता.

"थांब. फोटो सुटे सुटे दाखव. आधी चुका तरी काढू."

मग त्या दुपारी आजोबांनी दोनशे चौदा फोटो वाचले. वाचले असंच म्हणायला हवं. मांडीवर कागद, उजव्या हातात पेन्सिल. "एकतीस: काठीचं टोक दिसतंय. अठ्ठ्याऐंशी: बाईंचं कोपर. एकशे दोन: सदऱ्याचं बटण उघडं." भिंगरी आधी फुरंगटून बसली होती, पण हळूहळू तीही पुढे सरकली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एकशे चाळीसच्या पुढे पेन्सिल हलेनाशी झाली. भिंगरी फोटो पुढे सरकवत होती आणि आजोबा नुसते पाहत होते.

दोनशे चौदावा फोटो संपला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ह्या फोटोत मी उभा आहे."

"हो," भिंगरी म्हणाली.

"मला कोणी धरलेलं नाही."

"नाही."

"ह्याच्या आधीच्यातही नाही."

"कशातच नाही. आजीचे हात असलेले सगळे मी काढून टाकले."

"म्हणजे दोनशे चौदा वेळा..." आजोबा थांबले. ते चुकीचं बोलणारे नव्हते. "दर बैठकीला दोन. म्हणजे निदान एकशे सात वेळा मी उठलो. आणि जे काढून टाकलेस ते वेगळेच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग ह्यात खोटं काय आहे?" त्यांनी विचारलं. वाद घालायला नव्हे. त्यांना खरंच सापडत नव्हतं. कागदावर अकरा चुका होत्या, आणि ज्या चुकीसाठी ते बसले होते तीच त्यांत नव्हती.

भिंगरीने डोकं खाजवलं. "खोटं काहीच नाही. फक्त मधलं नाहीये. बसलात ते."

आजोबांनी कागदाची घडी घातली. बाईंना त्यांचा चेहरा दिसत होता. देवघेवीची, रागलोभाची पन्नास वर्षं त्या चेहऱ्यावर त्यांनी पाहिली होती, पण इतका चकित झालेला तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. स्वतःच्याच घरात एक अनोळखी खोली सापडावी तसे ते आपल्या डाव्या पायाकडे बघत होते.

"एकतीस आणि अठ्ठ्याऐंशी काढ," ते म्हणाले. "बटण राहू दे. बाकी जाऊ दे शाळेत."

मंगळवारी सिनेमा गेला. सोबतच्या पानावर भिंगरीने "आलेल्या अडचणी" या मथळ्याखाली दोनच शब्द लिहिले होते: आजीचे हात. आजोबांनी त्यात काहीही दुरुस्ती केली नाही.

बुधवारी चार वाजता स्टूल आपल्या जागी परत गेलेलं होतं. मोबाईल दप्तरात होता. भिंगरी टेबलापाशी गणितं करत होती. बाई कपडे घडी करत होत्या आणि आता पुन्हा कवायतीची मास्तरीण व्हावं लागणार या विचाराने घातलेली घडी पुन्हा मोडत होत्या.

"चार वाजले," आजोबा म्हणाले.

"काम संपलं की तुमचं," भिंगरी वहीतून मान वर न करता म्हणाली.

"मधलं राहिलंय."

ते उठले. खुर्चीची पाठ धरली, दोन्ही टाचा टेकल्यात का ते पाहिलं आणि पाठ सोडली. बाई जागच्या हलल्या नाहीत. हातातली उशीची खोळ त्यांनी छातीशी धरली होती. आजोबा पुढे पडले, अगदी थोडे, आणि उजवा पाय येऊन त्याने त्यांना झेललं. मग डाव्या बाजूला पडले. डावा पाय उशिरा निघाला, खरडत आला, पण आला. खोलीत फरशीवर तळवा घासल्याचा आवाज होता, बस्स. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मध्ये कोणी "एक" म्हटलं नाही, कोणी खुर्ची आणली नाही. बाई आयुष्यभर जे शिकवत आल्या होत्या, ते त्यांच्या डोळ्यांसमोर, न सांगता, न धरता, एका पावलातून दुसऱ्या पावलात वाहत गेलं, आणि "टाच, पंजा, भार" म्हणायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

टेबलाच्या कडेला आजोबांनी हात टेकला. कपाळावर घाम आला होता.

"किती झाली?"

"चार," भिंगरी म्हणाली. तिची पेन्सिल हवेतच होती.

"ह्याला फोटो किती लागले असते?"

तिने मनात हिशेब केला. "दर पावलाला सहा धरले तर... चोवीस."

"मग चोवीस झाले म्हण," धापा टाकत आजोबा म्हणाले. "आणि आता कोणीतरी खुर्ची आणा. माझी आता खरोखरच पडायची वेळ झालीय."